रेघारेघांचे परागकण

चामटोलीहून घेतलेला मध बोटाने चाखला, तर कडवट लागला. विकणाऱ्याशी भांडायला पुरावा हवा, म्हणून बाटली घेऊन मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलो. मधातले परागकण पाहून तो कोणत्या फुलांचा, हे ते सांगायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं.

श्वासाने कण उडू नयेत म्हणून त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. काचेवर थेंब ठेवताना हात जराही हलला नाही.

“वांग्याच्या घराण्यातलं दिसतंय,” ते सूक्ष्मदर्शकात बघत म्हणाले.

मला हसू आलं. “वांग्याचा मध?”

“वांग्याचे कण लहान, गुळगुळीत असतात. हे मोठे आहेत, रेघारेघांचे. विषारी धोतराही त्याच घराण्यातला, भाऊ.” डोळा न काढता त्यांनी हळूच विचारलं, “घरात कोणी खाल्लाय?”

सकाळी मुलीने चपातीला लावून खाल्ला होता. मी तिला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“पप्पा, पुस्तकातलं वाचताच येत नाहीये. सगळं पुसट दिसतंय.”

गृहस्थांनी बाटली माझ्या हातात दिली.

“धोतऱ्याच्या विषाने असंच होतं. मुलीला डॉक्टरांना दाखवा. पळा.”