अंग धुवायचा वेळ ड्युटीत धरा

मी पेणहून रोह्याला कंपनीत जाते. कंत्राटावर. कापडाच्या रंगाची पावडर पिशव्यांत भरायचं काम. शेजारची वहिनीपण तिथंच. शिफ्ट सुटली की आम्ही बायका बसकडं अशा पळायचो ना, विचारू नका! हात निळे, केसांत पावडर, नाकात पावडर. परमनंट लोक आत साबण लावून अंघोळ करायचे, त्यांची बस उशिरा. आमची लगेच सुटायची.

वहिनीचं लेकरू तिला बघून झेपावायचं आणि ती दारातूनच ओरडायची, "आई, धरा त्याला! मला शिवू देऊ नका!" एकदा त्याच्या अंगावर पुरळ आलेलं, तेव्हापासून तिनं धसकाच घेतलेला. सासू धरून ठेवायची आणि पोर रडून रडून लाल.

आता आमच्या कंपनीचे कारखाने बाहेरच्या देशांतपण हायत. तिथल्या कामगारांनी आणि आमच्या युनियननं मिळून एक जाळं केलंय, अधूनमधून मोबाईलवर मीटिंग असते. युनियनच्या काकांनी मला बसवलं, कारण मला इंग्रजी येतं. येतं म्हणजे, तुटकं!

इंडोनेशियाच्या एका ताईनं विचारलं, शिफ्ट सुटल्यावर निघायला किती वेळ लागतो? वहिनी माझ्या शेजारीच बसलेली, तिला मी मराठीत सांगितलं. ती छाती फुगवून म्हणाली, "सांग गो तिला, आमच्यासारखं चपळ कोण नाय! भोंगा वाजला की बसमध्ये!"

मी हसत हसत सांगितलं. तिकडं कोणीच हसलं नाय.

"मग धुता कुठं?" ताईनं विचारलं.

"घरी."

"म्हणजे रंग घरी नेता?"

हे मराठीत सांगितलं तशी वहिनी आपली निळी नखं बघायला लागली. ताई म्हणाली, त्यांच्याकडं अंग धुवायचा वेळ ड्युटीत धरतात, कंत्राटी असो नायतर परमनंट. तेपण भांडूनच मिळालेलं.

तेव्हा दिल्लीत कामगारांच्या नियमांचा मसुदा निघालेला, सूचना मागवलेल्या. आम्ही एकच मागणी केली : अंग धुवायचा वेळ ड्युटीत धरा. काका ती घेऊन दिल्लीला गेले. तिथल्या सरकारी साहेबानं विचारलं, असं कुठं चालतं? काकांनी इंडोनेशिया, तुर्कस्तान, जिथून जिथून जाळ्यातल्या लोकांनी पाठवलेले त्या कारखान्यांचे करार टेबलावर ठेवले. साहेबानं ठेवून घेतले. विचार करू म्हणाला.

"विचार होईस्तोवर माझा पोरगा शाळेत जाईल," वहिनी म्हणाली.

पुढच्या सोमवारी भोंगा वाजायच्या आधीच आम्ही सगळ्या आतल्या नळांवर! सुपरवायझर धावत आला. "कोणी परवानगी दिली?"

वहिनीच्या तोंडाला साबण. "दिल्लीत विचार चाललाय. तोवर आम्ही धुतो."

"पगार कापीन!"

"काप. कशाबद्दल कापला ते लिहून दे, दिल्लीला पाठवते."

त्यानं काय लिहून दिलं नाय. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. "चला ना गो बायांनो, मला पुढची ट्रिप हाय!"

"ट्रिप तुझी, अंग आमचं. थांब!"

थांबला की! त्या संध्याकाळी वहिनीनं पोराला दारातच उचललं.

नियम अजून आलेला नाय. काका परत दिल्लीला जाणार हायत आणि या वेळी वहिनी सोबत जातेय, मी तिच्याकडनं बोलणं पाठ करून घेतेय. पगार अजून कापलेला नाय, पण ठेकेदार म्हणतो, तुमच्या जागी नव्या बायका आणतो.

आणू दे. त्यांनापण नळ दाखवू.