काचेवरचा तळहात

अंगणात नातीनं मॅक्रो लेन्समधून मुंगळा दाखवला. त्याच्या पायांवरची लव दिसली आणि मी लहानपणीच्या माकणी गावच्या शिवारात पोचले.

निजामी राजवटीचे शेवटचे दिवस होते. घोडेस्वार येताहेत अशी हूल उठली आणि आम्ही ज्वारीत लपलो. मी रडू नये म्हणून आजोबांनी पोथी वाचायचं भिंग हातात दिलं. ज्वारीच्या ताटावर चढणारा मुंगळा त्यात केवढा तरी झाला. भिंग उन्हात चमकलं तशी आईनं त्यावर तळहात दाबला.

"झाक ते. काच लई लांबून दिसती."

तिनं मला पोटाशी ओढलं. बांधापलीकडून टापा गेल्या. मला वाटलं, आई मुंगळ्याला भ्याली.

"आजी," नात म्हणाली, "लेन्सवरचा हात काढ ना."