नवापूरच्या हॅचरीतलं १९९८ साल

१९९९च्या डिसेंबरात नवापूरच्या एका हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणी केंद्रात, मी प्रोग्रामची एक ओळ लिहिली होती. तिची मुदत यंदा एक जानेवारीला संपली. हॅचरीचा जुना फोन नंबर लागेना, म्हणून फेब्रुवारीत जळगावहून सुरत लाइनची पॅसेंजर पकडली.

आधी ती ओळ समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हाच्या कॉम्प्युटरांत वर्षाचे दोनच आकडे साठवायचे. नव्व्याण्णवनंतर शून्य-शून्य आलं की मशीन १९०० समजणार, म्हणून देशभर धावपळ चालली होती. मी बी.कॉम. अर्धवट सोडलेला, प्रोग्रामिंग एका फाटक्या पुस्तकावरून आणि लोकांच्या बिघडलेल्या मशीनवरून शिकलेला. त्या डिसेंबरात माझ्याकडे अकरा ठिकाणं होती: मिरचीची गोदामं, कापसाचं एक जिनिंग, एक हॅचरी. प्रत्येक फाइल चार आकडी करायला महिने लागले असते. त्याऐवजी मी एकेक ओळ घातली: शून्य ते पंचवीस आकडा आला तर दोन हजारचं शतक धर, सव्वीसपासून पुढे एकोणीसशेचं. पंचवीस वर्षांनी हे मशीन कोण वापरणार, असा हिशोब. मालकांना मात्र सांगितलं, "आता कायमची काळजी मिटली."

गाडीत खिडकी हवी असेल तर जळगावलाच चढा. अमळनेर, दोंडाईचा करत नंदुरबारला पोचायला तीन तास धरा. वेळापत्रक त्याहून कमी सांगतं, त्याच्यावर जाऊ नका. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कथा जानं शे भाऊ?"

"मिरचीच्या पथारीकडं."

"लेवानी शे का देखानी?"

"बघायची."

"मंग तोंडवर रुमाल बांधा. देखणारसलेच जास्त ठसका लागस."

खरं निघालं. शहराबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पसरलेली असते, तिलाच इथे पथारी म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारी हा बघायचा हंगाम. फोटो सकाळी दहाच्या आत काढा, नंतर रंग पांढुरका येतो. यादीतली दोन गोदामं तिथेच होती. एकाच्या जागी आता मंगल कार्यालय आहे, दुसऱ्याकडे सगळं मोबाइलवर. दोघांनाही माझी ओळ लागत नव्हती. बरं वाटलं, थोडा भाव उतरल्यासारखंही. मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर, आठशे रुपयांत, गरम पाणी सकाळी सात ते आठ. शेवभाजी आणि भाकरी दीडशेत. तिखट कमी सांगितलंत तरी तेवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी विसरवाडीमार्गे एस.टी.नं नवापूर. दोन तास, शेवटी रस्ता चांगला. गाव जवळ आलं की कोंबड्यांच्या खाद्याचा वास आधी पोचतो. मधल्या वर्षांत पोल्ट्र्या वाढल्यात, पण हॅचरी जागच्या जागी होती. मालक युनूसभाई. तेव्हा चाळिशीचे होते, आता दाढी पूर्ण पांढरी.

"अरे, इंजिनियर साहेब!" ते म्हणाले. मी इंजिनियर नाही हे तेव्हाही सांगितलं होतं. "तुमचा प्रोग्राम अजून चालू आहे बरं का. कॉम्प्युटरचा डबा तीनदा बदलला, प्रोग्राम तोच."

मी विचारलं, एक जानेवारीला काही झालं का?

"कॉम्प्युटरला? काही नाही. माणसाची चूक झाली. एक ट्रॉली गेली. सगळी पिल्लं."

हॅचरीचं काम असं. अंडी ट्रॉलीत भरून पहिल्या यंत्रात अठरा दिवस ठेवतात. तिथे ट्रे सतत कलत राहतात. अठराव्या दिवशी ट्रॉली काढून अंडी दुसऱ्या, स्थिर यंत्रात न्यायची. नाही नेली तर पिल्लं कलत्या ट्रेमध्ये फुटतात आणि चेंगरतात. आज कुठली ट्रॉली काढायची, ते माझा प्रोग्राम रोज सकाळी कागदावर छापतो. यंत्राच्या खोलीच्या दारावर माझ्याच अक्षरातली सूचना अजून होती, प्लास्टिकमध्ये घालून: "कागदात नसेल तर ट्रॉलीला हात लावू नये."

एक जानेवारीला कागद कोरा आला होता. सव्वीस आकडा माझ्या ओळीनं १९२६ धरला, त्या हिशोबानं एकाही ट्रॉलीचे अठरा दिवस भरले नव्हते.

"जमनाबाई यंत्रांवर वीस वर्षं आहे," युनूसभाई म्हणाले. "ट्रॉलीचे नंबर तीच सांगते, आमची सून रुखसाना कॉम्प्युटरमध्ये टाकते. जमनाबाईनं चुकीचे नंबर दिले असणार. तिला यंत्रावरून काढलं. आता मागे टरफलं भरते."

"नंबर चुकले होते कशावरून?"

"रुखसानानं सगळ्या ट्रॉल्या परत टाकल्या, तर कागद बरोबर यायला लागला. मग आधीच चुकलं होतं ना? तुमचा प्रोग्राम सव्वीस वर्षांत चुकला नाही, एका दिवसात कसा चुकेल?"

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. कोपऱ्यात तारीख होती. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल १९९८.

रुखसाना दारात उभी होती. म्हणाली, "सर, ते मी केलंय. कागद रोज कोरा यायचा. मग वर्ष मागे नेत गेले. मोबाइलवर जुनी कॅलेंडरं पाहिली, अठ्ठ्याण्णवचे वार यंदाशी जुळतात. डिसेंबरच्या ट्रॉल्या जमनाबाईनं तोंडी सांगितल्या, त्या सत्त्याण्णव सालाखाली परत टाकल्या. एकही नंबर बदललेला नव्हता. पप्पांना सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"की बाई बरोबर होती, मशीन चुकलं. पप्पा म्हणाले, जळगावच्या साहेबांचं काम आहे, तू शिकवू नको."

मी कागदावर मांडून पाहिलं. घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे, वार जुळतात, लीप वर्षं जुळतात, आणि माझी ओळ घड्याळाच्या पंचवीस सालापर्यंत चालते, म्हणजे खऱ्या २०५३पर्यंत. माझी दुरुस्ती सव्वीस वर्षं टिकली, हिची अठ्ठावीस टिकणार. लॅपटॉपमध्ये नवा प्रोग्राम करून नेला होता. बाहेर काढला तेव्हा रुखसाना म्हणाली, "राहू द्या ना सर. चालतंय." बॅग बंद केली.

मग युनूसभाईंना सांगितलं, "चूक जमनाबाईची नाही, माझी. पंचवीसचा आकडा मी घातला आणि तुम्हाला कायमचं म्हणून सांगितलं."

ते उठून दारापाशी गेले. मग मागच्या अंगणात बघून हाक मारली, "जमना!"

पन्नाशीची, बारीक अंगाची बाई हात पदराला पुसत आली. घरी इथली आदिवासी मावची बोली बोलते, आमच्याशी अहिराणी. मी तेच पुन्हा सांगितलं. तिनं ऐकलं आणि युनूसभाईंकडे वळली.

"मी त्याच दिन सांगं व्हतं. चार नंबर आज काढना शे. तुम्ही बोलनात, कागदमा नही."

"हो, बोललो."

"तिसरा दिनले आतमा चिवचिव ऐकू यी ऱ्हायंती. तवय बी बोलनी. तुम्ही बोलनात, टरफलं भर."

"चुकलं माझं. उद्यापासून आत ये."

"ती चिठ्ठी दारवर ऱ्हाई तर नही येवाव."

युनूसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझी, म्हणून मीच काढली. चिकटपट्टी जुनी होती, दाराचा रंगही थोडा निघाला. जमनाबाई म्हणाली, "आते रंग बी देना पडी," आणि टरफलांकडे परत गेली. दिवस अजून संपला नव्हता.

परतीला नवापूरहून थेट रेल्वे घ्या, एस.टी.चे हेलपाटे वाचतात. दुपारच्या गाडीत मोकळी जागा मिळते. एकूण खर्च अडीच हजारांच्या आत बसला. या भागात यायचं तर पथारी बघा, विसरवाडीपुढचा रस्ता बघा. हॅचरीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, रोगराईच्या भीतीनं, आणि ते योग्यच आहे.

घरी येऊन यादीतल्या उरलेल्या आठ ठिकाणांचे नंबर शोधत बसलो. सहा लागले, दोन नाही. लागले त्यांना आधी पंचवीसचा आकडा सांगितला आणि मग माझं नाव. मनात राहिलं म्हणाल तर ते चार नंबरचं. अठराव्या दिवसानंतरचे तीन दिवस, आतून आवाज येतोय आणि दारावर माझं अक्षर.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी युनूसभाईंचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर.

"साहेब, कागद सहा नंबर म्हणतो. जमना नऊ म्हणते. कोणाचं ऐकू?"

"कागद बाजूला ठेवा. दोन्हीतलं एकेक अंडं उजेडावर धरा. आत पिल्लू भरून जे पूर्ण काळं दिसेल त्याची ट्रॉली काढा."

फोन चालूच होता. दार उघडल्याचा आवाज आला, जमनाबाई काहीतरी म्हणाली, रुखसाना हसली.

"नऊ," युनूसभाई म्हणाले. "सुनेनं नऊच्या जागी सहा टाकलं होतं." मग फोन तोंडापासून लांब नेऊन ओरडले, "काढ, जमना!"