बायकोने मिळवलेली शून्यं

धरणगावात माझं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. कापूस पिंजायचं मशीन बंद पडलं. मिस्तरी म्हणाला, आता ह्यात जीव नाही. नवं घ्यायचं तर कर्ज पाहिजे, नाहीतर दुकानाला कुलूप. म्हणून जळगावला बँकेत गेलो. बायको जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

बँकेतल्या बाईंनी माझ्या नावाचा क्रेडिट रिपोर्ट काढला. मी चौथी शिकलेला. कागदावर महिन्यांचे खाने आणि खाली नुसती शून्यं, ओळीच्या ओळी. मी उठलो.

"चाचा, कुठे निघालात?"

"सगळ्यात शून्य. नापासाला कोण कर्ज देतं?"

बाई हसल्या नाहीत. "बसा. इथे शून्य म्हणजे त्या महिन्यात हप्त्याला एक दिवसही उशीर नाही. कर्ज द्यायच्या आधी बँक हेच बघते. मिक्सर, शिलाई मशीन, फ्रिज, सगळे हप्ते वेळेवर आहेत तुमचे."

"माझे कुठले? मी नुसत्या सह्या केल्या. भरायची बायको."

पेटीत पैसे असताना ती वस्तू हप्त्याने घ्यायची, तीही माझ्या नावावर. मी भांडायचो, फुकटचं व्याज कशाला देतेस म्हणून. ती म्हणायची, "बाजार तुमको पहचानता, बँक नहीं पहचानती. उधर तुम्हारा नाम कौन बतायेगा?" मी चार लोकांत सांगायचो, हिला व्यवहार कळत नाही. कळत मला नव्हता. बचत गटातल्या बायकांमध्ये बसून ती हे शिकली आणि मी गल्ल्यावर बसून काही शिकलो नाही.

बाई खान्यांवरून बोट फिरवत गेल्या. बायको धुळ्याच्या दवाखान्यात होती ते दोन महिनेही शून्य. खाटेवरूनच मोबाइलने भरले असणार. मी बाहेर चहा पीत बसलेलो.

मग बोट थांबलं. फ्रिजच्या शेवटच्या हप्त्याच्या खान्यात सव्वीस.

"एवढे दिवस उशीर झालाय. साहेब कारण विचारतील. सांगा, मी लिहिते."

"नको. मी लिहितो."

बराच वेळ लागला. लिहिलं, 'त्या महिन्यात हप्ता भरणारी वारली. मेसेज तिच्या मोबाइलवर यायचे, तो बंद होता. कंपनीचा माणूस दारात आला तेव्हा कळलं. त्याच दिवशी भरला.'

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "आता हप्ते कोण भरणार?"

"मी."

"जमेल?"

"तिला जमलं, तिची शाळा माझ्याहून कमी होती."

आठ दिवसांनी कर्ज मंजूर झालं. मशीन आलं. पहिला हप्ता मी स्वतः जाऊन भरला, तारखेच्या दोन दिवस आधी. घरी आल्यावर शिव्या खायची तयारी होती, एवढी अक्कल यायला म्हातारपण लागलं म्हणून. देणारी नव्हती. चहा केला, एकट्याने प्यायलो आणि दुकान उघडायला गेलो.