खापरावरची काच

धुळ्यात बन्सीलाल कोठावदे यांच्या घरी गिरधरला कसलाही त्रास नव्हता. तीच तर पंचाईत होती. सासऱ्याने कधी चारचौघांत पाणउतारा केला असता, सासूने शिळं वाढलं असतं, तर रागाच्या भरात पिशवी उचलून निघून जाता आलं असतं. पण ज्या घरात दुधावरची साय न मागता आपल्याच पेल्यात पडते, त्या घरातून माणसाने कोणत्या तोंडाने पळून जायचं?

गिरधर घरजावई होता. बन्सीलालनानांना मंजुळा ही एकुलती एक मुलगी, आणि वर तेला-गुळाचं भरभक्कम दुकान. गिरधरला आईबाप नव्हते. एरंडोलच्या चुलत्याने वाढवलेला. लढाई संपून हवाई दलाने घरी पाठवलं, तेव्हा नानांनी त्याला पाहिला आणि दुकानात नवा तराजू आणावा तशा कौतुकाने घरी आणला. अट एकच, मुलगी डोळ्यांसमोर राहिली पाहिजे. गिरधरने मान हलवली. त्या वयात मान फार सहज हलते.

तेव्हापासून तो गादीवर नानांच्या डाव्या हाताला बसत होता. गिऱ्हाईक आलं की नाना ओळख करून देत, "हे आमचे जवाईबुवा. लढाईत विमानं चालवायचे."

गिरधरने विमान कधीच चालवलं नव्हतं. तो विमान पुसायचा. नेमकं सांगायचं तर स्पिटफायर विमानाचं हूड, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं ते फुगीर पारदर्शक झाकण, मऊ फडक्याने घासून लख्ख ठेवणं ही त्याची नोकरी. त्यावर धुळीचा ठिपका राहिला तर वर आभाळात वैमानिकाला तो शत्रूचं विमान वाटतो, असं त्यांचे पिंटोसाहेब बजावत. गिरधरने अशी पुष्कळ हूडं पुसली. आत मात्र एकदाही बसला नाही. हे त्याने नानांना लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं. नाना म्हणाले, "असू द्या हो. गिऱ्हाइकाला काय कळतं!"

दुपारी दुकान मिटलं की गिरधर माळ्यावर चढायचा. पत्र्याखाली जीव उकडून निघायचा, पण सगळ्या घरात आतून कडी लावता येईल असं दार तेवढंच. तिथे तो सावरीच्या हलक्या लाकडातून विमानं कोरायचा. पंख, शेपूट, पंखा, सगळं जिथल्या तिथे. फक्त हूडाच्या जागी निळा रंग फासायचा आणि मन मारून खाली यायचा. खाली नाना विचारायचे, "झाली का झोप?"

मग एकदा चाळीसगावला गुळाच्या ढेपा सोडवायला गेला असताना स्टेशनात मेल उभी होती, आणि खिडकीत चक्क पिंटोसाहेब!

"अरे गिरधर! अभी भी फडका मारता है क्या?"

"नहीं साहब. अब गूळ तोलता हूं."

साहेब पोट धरून हसले. मग गिरधरने लाजत लाजत आपल्या विमानांचं सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले. पुण्याला त्यांच्या हाताखाली हवाई दलाचं एक लहानसं वर्कशॉप होतं. नव्या पोरांना नुसत्या आकारावरून विमान ओळखायला शिकवण्यासाठी तिथे लाकडी नमुने करत. एक जागा रिकामी होती.

"दिवाली के बाद, पूनम के दूसरे दिन, इसी गाडी से लौटूंगा. एक मॉडेल लेके आ. मगर हूड सच्चा होना. रंग लगाके लाया, तो मैं गाडी से नीचे भी नहीं उतरूंगा."

त्या संध्याकाळी गिरधरने मंजुळेला माळ्यावर बोलावून सगळं सांगितलं. मंजुळेने एक विमान उचलून त्याच्या निळ्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तिथं आपलं वेगळं बिऱ्हाड असंल?"

"वेगळं."

"म्हणजे मी भाजीत मीठ जास्त टाकलं, तर ते तुम्हालाच कळंल. गल्लीला नाही."

"मलाच."

"मग ते झाकण करा आधी," मंजुळा म्हणाली.

झाकण करा! म्हणायला सोपं. काच वाकत नाही, आणि वाकेल असं पारदर्शक काही धुळ्याच्या बाजारात मिळत नव्हतं. शेवटी आग्रा रोडवरच्या एका डॉक्टरांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मा दिल्या. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात घातल्या की वरचा काळा थर सुटून खाली स्वच्छ पापुद्रा उरे. पण हे काम परसात करताना सासूबाईंनी एक फिल्म उन्हात धरून पाहिली आणि हातातून टाकलीच.

"मंजुळा! कोना हाडका शेतस ह्या?"

"पेशंटाच्या बरगड्या आहेत, माय. धुतल्या की जातात."

"जवाईसले सांग, कोनी बी बरगडी मन्ही चूलजवळ नको."

जवाई दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पण झुंबरबाई जावयाशी थेट बोलत नसत. डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढायचा आणि जे सांगायचं ते मुलीला सांगायचं, मुलगी नसेल तर भिंतीला. जेवताना त्या भिंतीला म्हणत, "पोळी आनखी एक घ्याले पाहिजे." गिरधर भिंतीकडे बघून "नको" म्हणे, आणि पोळी ताटात पडे.

गिरधरने हूडाच्या आकाराचा लाकडी साचा घासून आरशासारखा केला. फळीला त्याच आकाराचं भोक पाडलं, त्यावर फिल्म बारीक खिळ्यांनी ठोकली, शेगडीवर तापवली आणि साचा खालून ढकलला. फिल्म मधोमध टरकली. दुसऱ्या वेळी जास्त तापवली, तर तिला तळणीतल्या पापडासारखे फोड आले. तिसरी कडेला जळाली आणि मधे थंडच राहिली. घरभर असा वास सुटला की नानांनी दुकानातून विचारायला माणूस पाठवला. दिवाळी येऊन गेली. फिल्मा संपत आल्या. गादीवर गूळ तोलताना गिरधरला वाटायचं, आपणच कुठल्यातरी झाकणाखाली बसलो आहोत. बाहेरचं सगळं लख्ख दिसतंय, हात मात्र कुठेच पोचत नाही.

पौर्णिमेला घरात मांडे होते. नानांची बहीण जेवायला यायची होती. मांडे करायला बसल्या की झुंबरबाई कुणाच्या नसत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा, आणि पार पातळ झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडून द्यायचा. मागे परसात बसलेल्या गिरधरची त्याच वेळी आणखी एक फिल्म टर्रकन फाटली. त्याने साचा भिंतीवर भिरकावला.

झुंबरबाईंनी हात पुसले आणि पदर ओढून दारात आल्या. "मंजुळा, जवाईसले सांग. खालथीन ढकली काय राह्यनात? वरथीन पडू द्या."

गिरधर भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे कसं?"

झुंबरबाई आत गेल्या आणि कोपऱ्यातलं एक टवका उडालेलं जुनं खापर घेऊन आल्या. परसातल्या चुलीवर ते पालथं घातलं, तापू दिलं आणि जाळ बाहेर ओढला. वर पाण्याचे थेंब शिंपडले. ते थयथय नाचले. त्या थांबल्या. पुन्हा शिंपडले, या खेपेला थेंब शहाण्यासारखे जागीच सुकले. तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि मंजुळेने त्यात फिल्म ठेवली.

खापरावर फिल्म आधी ताठ पडून राहिली, मग कडा लवल्या, मग सगळीच कणकेसारखी मऊ झाली. झुंबरबाईंनी ओल्या बोटांनी दोन्ही टोकं धरून ती उचलली, हवेत एकदा झुलवली आणि गिरधरने धरलेल्या साच्यावर अशी सोडली की ती आपल्याच वजनाने बसली. गिरधरने भोकाची फळी वरून दाबली. फिल्म कढत होती, बोटं भाजत होती.

"धरा! सोडू नका! जवाईबुवा, सोडू नका म्हनस ना!"

हे मंजुळेला नव्हतं, भिंतीलाही नव्हतं. झुंबरबाईंचा पदर खांद्यावर घसरला होता आणि त्या सरळ त्याच्या तोंडाकडे बघून ओरडत होत्या. गिरधर इतका दचकला की बोटं भाजायची विसरला.

साचा काढला. तळहातावर एक लहानसं, फुगीर, नितळ झाकण राहिलं. त्यातून चूल दिसत होती, पपईचं झाड दिसत होतं, सासूबाई दिसत होत्या.

"जमनं!" झुंबरबाई म्हणाल्या. मग पदर सावरायचं राहिलंच, आणि त्यांनी विचारलं, "हाई जमनं म्हंजे तुम्ही जाशात?"

मंजुळा एकदम चुलीकडे वळली. गिरधरने भिंतीकडे पाहिलं. तिकडून काही मदत येईना. खोटं बोलायची ही शेवटची सोयीस्कर वेळ होती.

"हो," तो म्हणाला.

"मंजुळाले बी संगे लई जाशात."

"हो."

झुंबरबाईंनी खापराला हात लावून पाहिला. ते निवत आलं होतं. त्यांनी खाली वाकून दोन काटक्या पुन्हा आत सारल्या.

"आनखी एक करी ठेवूत," त्या म्हणाल्या. "गाडीमा फुटनं तं?"

दुसऱ्या दिवशी नानांना सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोट चढवला. "मीही येतो. साहेब कसा माणूस आहे ते बघायला नको?"

चाळीसगावच्या फलाटावर मेल थांबली. पिंटोसाहेबांनी विमान खिडकीतून आत घेतलं, पंखांकडे बघितलंही नाही. हूडावर टिचकी मारली, उजेडात धरलं, एक डोळा मिटून आरपार पाहिलं.

"किधर बनाया?"

"घर में, साहब."

"पहली तारीख को आ जा," म्हणून साहेबांनी विमान परत दिलं, पण ते घ्यायला नानांचा हात आधी पुढे गेला.

"साहेब," नाना आपल्या हिंदीत म्हणाले, "इसने लढाई में इमान चलाया नहीं है. सिर्फ पुसा है. आपको मालूम है ना? बाद में बोलेंगे, फसवाया."

"मालूम है," साहेब हसले. "मैंने ही पुसने को बोला था."

परतीच्या धुळ्याच्या गाडीत खिडकीतून इंजिनाची कोळशाची कणी आत येत होती. नानांनी डोक्याची टोपी काढली आणि मांडीवरच्या विमानाच्या हूडावर पालथी घातली. गिरधरने विमान मागितलं, तर दिलं नाही, नुसती मान हलवली.

शिरूड स्टेशन गेल्यावर ते म्हणाले, "तिथं गूळ कसा मिळतो?"

"ठाऊक नाही, नाना."

"पुण्याचा गूळ खारट असतो," नाना म्हणाले. "ढेप पाठवत जाईन." आणि टोपीवर हात ठेवून ते बाहेर बघत राहिले.