झेंड्याकडे पाठ

माझी बायको बावीस वर्षं राष्ट्रगीताच्या वेळी झेंड्याकडे पाठ करून उभी राहिली. हे वाक्य मी तीन-चारदा लिहून खोडलं, कारण ते तक्रारीसारखं वाटतं. पण होतं ते तसंच होतं.

ती अमरावतीच्या एका निवासी शाळेत कर्णबधिर मुलांना शिकवायची. तिच्यासमोर कोणी ‘मूकबधिर’ म्हटलं की ती चिडायची. “मुके कोन म्हनते यायले? दिवसभर बडबडते. माये डोळे दुखते यायचं ऐकून ऐकून.” तिथली पोरं राष्ट्रगीत हातांनी म्हणतात. प्रत्येक शब्दाची खूण ठरलेली आहे. पण स्पीकरवर गीत कधी सुरू झालं, कुठवर आलं, हे त्यांना कळणार कसं? म्हणून ऐकू येणारं एक माणूस त्यांच्याकडे तोंड करून उभं राहतं आणि चालीबरोबर खुणा करत जातं. पोरं त्या हातांकडे पाहून आपले हात चालवतात. पोरांचं तोंड झेंड्याकडे, म्हणून त्या माणसाची पाठ झेंड्याकडे.

एका वर्षी पाहुणे म्हणून आलेले एक साहेब कार्यक्रम संपल्यावर तिला म्हणाले, “मॅडम, राष्ट्रगीताले हात हलवत नाई. सावधान म्हनजे सावधान. आन् पाठ कावून केली झेंड्याले?”

“साहेब, तुमी तोंडानं म्हनता, हे हातानं म्हनते,” ती म्हणाली. “तुमाले कोनी तोंड बंद ठेवा म्हनलं का?”

हे घरी येऊन तिनं मला ऐटीत सांगितलं आणि मग दोन दिवस नोटीस येईल म्हणून घाबरून होती. नोटीस आली नाही. मी तिला विचारलं, “पन तुले झेंडा दिसतच नसन?”

“दिसते ना. सव्वीस जानेवारीले दिसते. ऊन मांगून येते, सावली पोरायच्या सदऱ्यावर पडते. पंधरा ऑगस्टले ढग रायते, मंग नाई दिसत.”

भाजी कुठल्या दुकानात बरी मिळते ते सांगावं तसं तिनं सांगितलं आणि कुकर उघडायला गेली.

मी ते कधी पाहिलं नव्हतं. मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि अमरावतीहून रोज जाऊन-येऊन करायचो. माझं झेंडावंदन अकोल्याला आणि तिचं अमरावतीला, दोन्ही एकाच सकाळी. मला माहीत होती ती फक्त स्वयंपाकघरातली तालीम. आठवडाभर आधी ती ओट्यापाशी उभी राहायची, मी समोर खुर्ची टाकून हळू आवाजात गीत म्हणायचो, भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून. बावन्न सेकंदांच्या पुढे जायचं नाही. नंतर ती म्हणायची, “आता तुमी पोरं व्हा,” आणि मी तिच्यासमोर उभा राहून तिच्या हातांसारखे हात करायचो. पहिल्या वर्षी मला हसू यायचं. पुढे ते अंगवळणी पडलं. तिच्या भाषेतलं मला तेवढंच येतं. ‘जेवलीस का’ हेसुद्धा मी त्या भाषेत कधी शिकलो नाही.

निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं की येत्या पंधरा ऑगस्टला तिच्या शाळेत जायचं. पण त्या दिवशी ती दवाखान्यात होती आणि मी तिच्याजवळ. महिन्याभरानं ती गेली. पुण्यानुमोदनाला शाळेतली दहा-बारा पोरं आली. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा नेमकं कोणाकडे पाहायचं हे त्यांना कळेना. मग ती सगळी तिच्या फोटोकडे पाहत बसली. फोटो ओळखपत्राचा मोठा करून घेतलेला. त्यात तिचे हात नव्हते.

जानेवारीत मुख्याध्यापकांचा फोन आला. “सर, तुमाले आधी सांगून ठेवतो. या वेळी पोरं हात खाली ठेवून उभे रायतील. नुसतं सावधान.”

“काहून?”

“मापात करनारं कोनी नाई आता. बाकी मास्तरायचे हात चालीवर बसत नाई. पंधरा ऑगस्टले बाई नव्हत्या, तवा पाह्यलं ना आमी. अर्धे पोरं संपवून मोकळे आन् अर्धे मधातच. पाहुने लोक हसले. पोरायले कानानं ऐकू येत नाई सर, पन हसनं दिसते त्यायले.”

एकदा हात खाली ठेवायची सवय लागली की पुढच्या वर्षी नवीन पोरांना कोणी शिकवणार नाही, आणि दोन-तीन वर्षांत ते तिथं कोणाला येणारही नाही, एवढं मला दिसत होतं. मी म्हणालो, “मी उभा रायलो तं?”

“तुमाले येते?”

“येते.”

“पाहा बाप्पा,” ते म्हणाले. “चुकलं तं तुमाले कोनी काई म्हननार नाई. पोरायले हसतील.”

आठवडाभर मी ओट्यासमोर उभा राहून तालीम केली. म्हणणाराही मीच आणि करणाराही मीच. ती उभी राहायची तिथून मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सवयीनं खुर्चीच्या जागीच उभा राहायचो.

सव्वीस जानेवारीला सकाळी थंडी होती. मैदानावर पोरं पांढऱ्या सदऱ्यांत रांगांनी उभी होती. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा साठ-सत्तर जोडी डोळे माझ्या हातांवर आले. इतक्या लक्षपूर्वक माझ्याकडे कोणी कधी पाहिलेलं नाही. ग्रंथपालाकडे कोण पाहतं? मागे दोरी ओढल्याचा आवाज आला. सगळ्या माना एकदम वर झाल्या, फुलं पडताना खालपर्यंत आल्या आणि पुन्हा माझ्या हातांवर थांबल्या. स्पीकर खरखरला. मी हात उचलले.

पहिल्याच खुणेला पुढच्या रांगा अडखळल्या. पोरं माझ्या हाताकडे पाहत होती आणि मग एकमेकांकडे. मागच्या बाजूला खुर्च्यांवरून उठलेल्या पाहुण्यांत कोणीतरी खाकरलं. काय चुकतंय ते मला कळेना आणि थांबता तर येत नव्हतं. मी मनात स्वयंपाकघरातल्यासारखं म्हणत राहिलो आणि हात चालवत राहिलो. दुसऱ्या ओळीपर्यंत पोरांनी काहीतरी ठरवलं असावं, कारण सगळे हात एकदम वर आले आणि माझ्या हातांबरोबर चालू लागले. मैदानभर सदऱ्यांच्या बाह्यांची सळसळ ऐकू आली. शेतातून वारा जातो तसा तो आवाज. तो त्यांच्यापैकी कोणालाच ऐकू येत नव्हता. प्रांतांची नावं हातांवरून हातांवर गेली, मग डोंगर आणि नद्या. नद्यांना सगळ्यांची बोटं लहरत गेली.

आणि त्यातच मला ती दिसली. सावली. मधल्या तीन रांगांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर एक राखाडी पट्टा हलत होता. वारा आला की एका पोराच्या छातीवरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायचा, वारा पडला की चुरगळून आक्रसायचा. त्याला रंग नव्हता. तरी आजवर पाहिलेल्या कुठल्याही झेंड्यापुढे मी इतका लहान झालो नव्हतो. हे बावीस वर्षं ती पाहत आली होती आणि मला वाटत होतं, तिचं काहीतरी राहून जातंय.

शेवटच्या जयघोषाला सगळे हात एकाच वेळी वर गेले आणि एकाच वेळी खाली आले. कोणी हसलं नाही.

मुख्याध्यापक बुंदीची पाकिटं वाटू लागले. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पाकीट तसंच हातात धरून माझ्याकडे आली. समोर न थांबता वळसा घालून माझ्या शेजारी, खांद्याशी येऊन उभी राहिली. माझा डावा हात धरून तिनं तो खाली दाबला. मग उजवा उचलला आणि पहिली खूण त्या हातानं करून दाखवली. पुन्हा डाव्याकडे बोट केलं आणि जोरजोरात नकाराची मान हलवली.

मी बायकोच्या समोर उभा राहून शिकलो होतो, आरशात पाहावं तसं. तिचा उजवा तो माझा डावा. पोरांना ती असं शेजारी उभी राहून, हात धरून शिकवायची, हे या मुलीच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

“काय म्हनते ते?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“हात चुकला म्हनते.”

“मंग पंधरा ऑगस्टले बरोबर करा,” ते म्हणाले आणि पुढच्या रांगेकडे गेले.

बायकोला ते दिसत होतंच. बावीस वर्षं दर खेपेला मी तिच्यासमोर उलट्या हातानं राष्ट्रगीत म्हणत होतो आणि ती काही न बोलता पूर्ण करू देत होती. मुलगी अजून शेजारी उभी होती. तिनं बुंदीचं पाकीट दातात धरलं, दोन्ही हात मोकळे केले आणि मला पहिल्यापासून सुरू करायला लावलं.