बोडीखालचा गॅस

आमच्या मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, अपघात या गोष्टीवर विश्वासच नव्हता. दूध नासलं तरी कोणीतरी काहीतरी केलं असणार, असं त्यांना वाटायचं. सालेकशाजवळच्या त्या घरात मी दोन हजार सालाच्या आसपास सून म्हणून आले, आणि पहिल्याच महिन्यात साखर लवकर संपल्याचा संशय माझ्यावर येऊन गेला.

घर बोडीच्या अलीकडे, गोठा पलीकडे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला खोदलेलं घरचं तळं. गोबरगॅस गोठ्याजवळ बांधला. पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून, फिरवून आणायचा तर पाइप फार लागत होता. मामाजींनी टीव्हीवर समुद्राखालून गॅसचे पाइप नेताना पाहिलं होतं. "समुदरातून नेतेत, तं आपल्या बोडीतून कायले नाही जानार?" उन्हाळ्यात बोडी आटली तेव्हा त्यांनी काळा पाइप तळाशी अंथरला, वर दगड ठेवले. पावसाळ्यात पाणी भरलं, आणि चुलीच्या धुरातून माझी सुटका झाली. मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

थंडी पडली तशी शेगडीची ज्योत फडफडायला लागली. मग बारीक झाली, मग विझलीच. टाकीत गॅस भरपूर, घरात काही नाही. आधी संशय माझ्यावर, की मी बटन उघडं ठेवते. मग पाण्यात उतरणाऱ्या म्हशींवर. पण म्हशींशी भांडण करता येत नाही. शेवटी तो मितानवर जाऊन बसला.

इकडे दोन माणसं देवासमोर एकमेकांना नारळ देतात आणि जन्मभराचे मितान होतात. मग त्यांच्यात जातपात नसते, सख्ख्या भावापेक्षा ते नातं वरचं. मामाजींचे मितान ढिवर, म्हणजे मासेमार, होते. आमच्या बोडीतले शिंगाडे आणि मासोळ्या तेच काढायचे, डोंग्यात उभे राहून, बांबू तळाला टेकवत.

"पाइपावर बांबू कोन मारते, मले समजत नाही का?" मामाजी पाळीवर उभे राहून त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले.

"मितान असं काऊन करन?" सासूबाई म्हणाल्या.

"त्याच्या शिंगाड्याच्या वेलात पाइप येते, म्हनून."

मी म्हटलं, म्हशीचा पाय पडला असेल, दगड सरकला असेल, पाइपच खराब निघाला असेल. तर मामाजी माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागले. "तू त्याच्या बाजूनं काऊन बोलून राहिली?" माझं डोकंच फिरलं. त्या घरात समजूतदारपणाचाही संशय यायचा.

गोष्ट मितानच्या कानावर गेली. ते आले, कपडे काढून पाळीवर ठेवले आणि त्या गार पाण्यात उतरले. बुडी मारत, हातानं चाचपत, सगळा पाइप या काठापासून त्या काठापर्यंत पाहिला. वर आले तेव्हा दात वाजत होते. "कुठीच मोडला नाही, मितान. फाटला बी नाही."

"मोडनारा कायले सांगन, कुठी मोडला ते?" मामाजी म्हणाले.

सासूबाईंनी आणलेला पंचा त्यांच्या हातातच राहिला. मिताननं कपडे उचलले आणि ओल्या अंगानंच ते निघून गेले. उरलेले शिंगाडे कोणी काढले नाहीत.

उन्हाळ्यात बोडी आटली. मामाजींनी साबणाचं पाणी लावून वीतवीत पाइप तपासला. एक छिद्र सापडलं नाही. मग मधला भाग उचलून खांद्यावर घेतला, तर टोकातून भळभळ पाणी आलं. गोबरगॅस बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, हा गॅस दमटच असतो. थंड पाण्याखाली पाइप गार पडतो, आतल्या वाफेचं पाणी होतं आणि खोलगट जागी साचून गॅसची वाट अडवतं.

"म्हनजे कोनीच काही केलं नाही?" मामाजींनी हे त्याला पुन्हापुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते मितानच्या घरी निघाले. एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत घेतलं. मितान जाळं विणत बसले होते. ते उठले, दारात आले आणि मामाजींना नाव घेऊन, मागे 'भाऊ' लावून म्हणाले, "या, बसा." पाणी दिलं. चहा ठेवायला सांगितला. मामाजींनी पाइपाचं सगळं सांगितलं, तेव्हा ते "हो, असंल" एवढंच म्हणाले. रागाचा एक शब्द नाही.

परतताना मामाजी रस्त्यातच थांबले. मितान मितानचं नाव कधी तोंडावर आणत नाही. बायको नवऱ्याचं घेत नाही तसंच.

"आयकलं का तू?" ते मला म्हणाले. "त्यानं माह्यं नाव घेतलं."